फट ठेवलेली पेटी

रावेरच्या केळीबाजारात उखर्डू महाजनांचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग मान डोलवायचे. हसायचे ते त्यांच्या खोडीला आणि मान डोलवायचे ते त्यांच्या हाताला. हात असा, की त्यांनी भरलेली केळी रावेरहून निघून दिल्लीच्या मंडईत उतरेपर्यंत घडाला डाग पडायचा नाही. आणि खोड अशी, की उघडी वस्तू या माणसाला बघवायची नाही.

आधीची दोन मुलं हाती लागली नाहीत, म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि पुन्हा उचलून घरात आणलं. नाव पडलं उखर्डू. पोरगं जगलं, वाढलं आणि मिसरूड फुटायच्या आत बऱ्हाणपूरला एका व्यापाऱ्याच्या केळी पिकवायच्या कोठीवर कामाला लागलं. तिथलं काम सोपं पण चिकट. खोलीत कच्चे घड रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी करायची, बाहेर येऊन दार ओढायचं आणि दाराची एकेक फट शेणामातीनं लिंपून टाकायची. धूर आत कोंडला तर केळी पिवळीधमक. कुठून निसटला तर निम्मा माल हिरवा आणि वर मालकाच्या शिव्या. ती सगळी वर्षं उखर्डूभाऊंच्या अंगात मुरली. पुढं रावेरला येऊन ते वॅगन भरायला लागले, तिथं धुरीचा काही संबंध नव्हता. तरी फट दिसली की त्यांचा हात आपसूक मातीकडे जायचा.

"धूर गेला का माल गेला," असं ते येता-जाता म्हणायचे. घरात लोणच्याच्या बरणीला त्यांनी कणकेचं लिंपण केलं होतं, धान्याच्या कणगीला शेणाचं, आणि भिंतीतलं उंदराचं बीळ तर दर शनिवारी नव्यानं बुजवलं जायचं. त्यांच्या बायकोला, बेबाबाईला, लोणचं काढायचं म्हणजे भिंत फोडल्यासारखं व्हायचं.

"एक दिवस माह्या तोंडालेही लिंपण करतीन हे," ती शेजारणींना सांगायची.

"करून पाह्यलं," भाऊ ओट्यावरून म्हणायचे, "टिकत नही."

असा हा सुखी संसार. दोघांना एकच लेक, पुष्पा. ती दिली होती सातपुड्याच्या पायथ्याला, सुकी नदीच्या काठच्या एका गावात. जावई जीवराम साधा, कष्टाळू. जमीन बेताची, पण गोठ्यात पाखऱ्या आणि हरण्या अशी एक बैलजोडी होती, तिच्यावर सगळं घर चालायचं. ही जोडी पुष्पानं वासरं असल्यापासून वाढवलेली. पाखऱ्या तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचा नाही. माहेरी आली तरी दुसऱ्या दिवशी तिला बैलांची आठवण यायची, आणि मग बेबाबाई रुसायची.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सातपुड्याच्या अंगानं बुळकांडी उतरली. बुळकांडी म्हणजे ढोरांची महामारी. जनावराच्या डोळ्यांना पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवडा उलटायच्या आत गोठा रिकामा. डोंगरातल्या पाड्यांवरून बातम्या यायला लागल्या आणि उखर्डूभाऊंना घास गोड लागेना. पुष्पाचं गाव त्याच वाटेवर होतं.

त्या वेळी धुळ्याहून ढोरांचे डॉक्टर रावेरला आले. रुपचंद देवरे त्यांचं नाव, वय तिशीच्या आतलं, बोलणं शांत. बरोबर वना नावाचा शिपाई, तोही धुळ्याकडचाच. बुळकांडीवरची लस मुंबईहून गाडीनं आली होती, एका मोठ्या पेटाऱ्यात, कोरड्या बर्फात घालून. पेटारा सगळ्या तालुक्यासाठी होता. त्यातला एकेक वाटा छोट्या पेटीत भरून गावोगाव न्यायचा होता. लस थंड राहिली तर औषध. ऊन लागलं की नुसतं पाणी. डॉक्टरांनी स्टेशनात विचारलं, इथं माल चांगला कोण भरतो. चौघांनी एकच नाव सांगितलं.

उखर्डूभाऊ आले. पेटारा उघडला तसा आतून पांढरा धूर जमिनीवर ओघळला, आणि भाऊंचा जीव वरखाली झाला.

"हा बर्फ वितळत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याचं पाणी होत नाही, हवा होऊन उडून जातो. याला उघडा हात लावायचा नाही."

हे ऐकेपर्यंत वनानं एक खडा उचललाच होता. तो टाकून त्यानं बोटं तोंडात घातली. "आय वं! हाऊ बरफ शे का इस्तव शे?"

पहिली पेटी जाणार होती पुष्पाच्या गावाला. भाऊंनी ती अशी भरली की डॉक्टर बघत राहिले. आतून पत्रा मारलेली लाकडी पेटी. तळाला केळीची वाळकी पानं, त्यावर धरणगावच्या जिनातला, सरकी काढलेला स्वच्छ कापूस, कापसात एकेक करून लसीच्या शिश्या, वर कागदाचे थर, आणि कागदावर फडक्यानं उचलून ठेवलेले बर्फाचे खडे. पुन्हा कापूस, पुन्हा पानं. झाकणावर खिळे ठोकले, सुतळीचे आडवे-उभे वेढे दिले. डॉक्टरांनी झाकणाच्या कडेला बोट ठेवलं.

"इथं बोटभर फट राहू द्या. आतली हवा बाहेर जायला वाट हवी. कोंडली तर पेटी फुटेल."

भाऊंनी मान हलवली. डॉक्टरांसमोर त्यांनी फट ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून फट असलेला माल बाहेर पडत होता, आणि तोही लेकीच्या बैलांसाठी चाललेला. बेबाबाई भाकरीची फडकी घेऊन टांग्यापाशी आली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं डॉक्टरांना फट कशाला, ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

रोगाच्या मुलखात दुसरे बैल न्यायचे नाहीत म्हणून भटू टांगेवाल्याचा घोड्याचा टांगा ठरवला होता. पुढं भटू आणि डॉक्टर, मागं पेटी, पेटीच्या एका बाजूला वना आणि दुसऱ्या बाजूला उखर्डूभाऊ. रावेर मागं पडलं, दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. आणि सगळ्या वाटेवर त्या बोटभर फटीतून पांढरा धूर सुटत होता.

उखर्डूभाऊंना ते बघवेना. तिकडे तोंड फिरवलं तरी दिसायचं. प्रत्येक झुळकीबरोबर त्यांना वाटायचं, ही चालली थंडी, हे चाललं औषध, हा चालला पाखऱ्या आणि हा चालला हरण्या. डॉक्टर शिकलेला होता हे खरं, पण केळीची कोठी त्यानं कुठं पाहिली होती? धूर बाहेर गेल्यावर आत काय राहतं, हे भाऊंना विचारा.

वाटेत एका ओढ्यापाशी टांगा थांबला. डॉक्टर जवळच्या गावात पाटलाला रोगाची खबर विचारायला गेले, भटू घोड्याला पाणी पाजायला लागला, वना बाभळीखाली आडवा झाला. भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं. ओढ्याच्या काठची काळी चिकण माती ओंजळभर घेतली, तिच्यात गोणपाटाच्या चिंध्या मळल्या आणि ती फट अशी काही लिंपली की मुंगीलाही वाट राहू नये. वर आपला गमछा आवळून बांधला. धूर बंद झाला. भाऊंना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. डॉक्टर आले तेव्हा ते गमछ्यावर हात ठेवून बसले होते आणि चक्क गुणगुणत होते.

ऊन चढलं. माती वाळून दगड झाली. पेटीतून कुरकुर आवाज यायला लागला, पण टांग्याचीच चाकं इतकी कुरकुरत होती की कुणाच्या लक्षात आलं नाही. पुष्पाचं गाव नजरेच्या टप्प्यात यायला थोडं उरलं असताना मागं बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज झाला. पेटीचं झाकण उडून बांधापलीकडं गेलं, घोडा उधळला, टांगा कलंडला आणि पेटी रस्त्यावर पालथी झाली. सुदैवानं माणसांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. धुळीत बर्फाचे खडे पसरले होते आणि प्रत्येक खड्यातून धूर निघत होता.

"बठ्ठं गयं," वना डोक्याला हात लावून म्हणाला. "डॉक्टरसाहेब, रस्ताच असा शे. दचका बसना."

डॉक्टर खाली बसून शिश्या गोळा करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. रस्त्यावर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. उखर्डूभाऊंनी आपला गमछा धुळीतून उचलला.

"रस्त्यानं नही," ते म्हणाले. "तुमी सांगलं व्हतं, तरी मीच लिंपलं. ओढ्यावर."

डॉक्टरांनी फुटक्या शिश्या बाजूला काढल्या. रागावले असते तर भाऊंना बरं वाटलं असतं. मग ते इतकंच म्हणाले, "पाच शिश्या फुटल्या. बाकीच्या वाचवायच्या असतील तर आता घाई करा."

पेटीच्या फळ्या सुट्या झाल्या होत्या, पत्रा फाटला होता. बर्फ गोळा केला तो जेमतेम दोन मुठी. भाऊंनी बांधाकडं पाहिलं. पलीकडं केळीची बाग होती, घड उतरवून झालेली, खांब तसेच उभे. ऐन दुपारी केळीच्या खांबाला गाल लावा, आत विहिरीसारखं गार लागतं. बागेत राबणारं प्रत्येक माणूस हे करतं. त्यांनी भटूचा कोयता घेतला, एक जाड खांब आडवा पाडला, मधोमध चिरला आणि आतला गाभा काढून टाकला. डॉक्टरांनी शिश्या कापसात आणि कागदात गुंडाळून पोकळीत ठेवल्या. बर्फ कागदात बांधून शिश्यांवर कुठं ठेवायचा, कुठं नाही, ते त्यांनी दाखवलं. दुसरा निम्मा खांब वर बसवून भाऊंनी केळीच्याच सोपटांनी, खांबावरच्या सालपटांनी, बांधून टाकला. वरून ओली सोपटं गुंडाळली. आणि एका टोकाला फट ठेवली.

घोडा अजून बिथरलेलाच होता, म्हणून तो खांब वना आणि भाऊंनी खांद्यावर घेतला आणि सगळे चालत निघाले. फट भाऊंच्या बाजूला होती. त्यांच्या कानापाशी धूर सुटत होता, गार झुळूक मानेला लागत होती. हात तीनदा वर गेला. तिन्ही वेळा त्यांनी तो खाली ओढला आणि धोतराच्या सोग्यात धरून ठेवला. मातीकडं पाहायचं नाही म्हणून ते डोंगराकडं बघत चालले.

गावात लोक सकाळपासून ढोरं घेऊन चावडीपुढं उभे होते. रांगेत सगळ्यांत पुढं पाखऱ्या आणि हरण्या, आणि त्यांचे कासरे धरून पुष्पा. बाप औषध घेऊन येतोय म्हटल्यावर तिला कोण मागं सारणार! तिनं बैलांना धुतलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं. जीवराम मागं उभा राहून बायकोचं कौतुक लपवत होता.

डॉक्टरांनी खांब उघडला, एक शिशी गालाला लावली आणि मान डोलावली. "थंड आहे."

गावात आनंदाचा गलका झाला. पण डॉक्टरांनी शिश्या मोजल्या, मग ढोरं मोजली आणि हळू आवाजात भाऊंना सांगितलं की गावाला पुरेल एवढं औषध आहे, फक्त एक जोडी राहील. पुढची खेप येईपर्यंत तिला थांबावं लागेल.

"कुणाची ठेवायची, ते पाटील ठरवतील," डॉक्टर म्हणाले.

"पाटलाचं काय काम?" उखर्डूभाऊ म्हणाले. मग ते चावडीच्या पायरीवर चढले.  "लोक हो, पाच शिश्या माह्या हातानं फुटल्या. डॉक्टरांनी नको म्हनलं असता मी पेटी लिंपली. एक जोडी राह्यते. ती माह्या लेकीची राहू द्या."

 जीवरामनं खाली पाहिलं. पुष्पा बापाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"आबा," ती म्हणाली, "चूक तुमची अन् जीव माह्या बैलायचा?"

 पुष्पानं कासरे ओढले, रांगेतून बैल बाहेर काढले आणि मागं न बघता घरी नेले. एकेका जनावराला टोचून होईपर्यंत भाऊ चावडीवरच बसून राहिले. डॉक्टर त्यांच्यापाशी येऊन बसले. पुढची खेप आल्याबरोबर पहिली इथंच आणतो, असं त्यांनी शब्द देऊन सांगितलं.

भाऊ रावेरला परत गेले नाहीत. त्यांनी वनाबरोबर बेबाबाईला निरोप धाडला आणि लेकीच्या गोठ्यात मुक्काम ठोकला. बैलांना नदीवर न्यायचं नाही, दुसऱ्या ढोरांच्या वाऱ्याला उभं करायचं नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. म्हणून भाऊ विहिरीतून पाणी शेंदायचे, चारा बांधावरचा कापून आणायचे, शेण स्वतः दूर खड्ड्यात पुरायचे. या वयात त्यांच्या हातांना पुन्हा फोड आले. जीवराम मदतीला यायचा, दोन शब्द बोलायचा. पुष्पा मात्र बोलायची नाही. वेळेवर ताट यायचं. भाकरी गरम असायची, वर ठेचा असायचा, ताकही असायचं. ताट ठेवून ती निघून जायची. भाऊंना बेबाबाईच्या तोंडाची इतकी आठवण आयुष्यात कधी आली नव्हती.

एके सकाळी पाखऱ्यानं वैरणीला तोंड लावलं नाही. पुष्पा समोर उभी राहिली, हातात घास धरून, तरी खाईना. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. नदीपलीकडं आदल्याच दिवशी एक गाय मेली होती. पुष्पाच्या हातातला घास खाली पडला. जीवराम भिंतीला टेकून बसला. उखर्डूभाऊंनी बैलाचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला, जीभ बाजूला ओढली आणि आत पाहिलं.  फोड नव्हते. जिभेखाली बाभळीचा काटा मोडलेला होता. त्यांनी तो चिमटीत धरून उपसला आणि लेकीसमोर धरला.  ती पाखऱ्याच्या मानेला मिठी मारून रडली, आणि भाऊ गोठ्याच्या मागं जाऊन रडले.

शेवटी एका दुपारी भटूचा टांगा आला. डॉक्टर खाली उतरले, मागोमाग वनानं पेटी उतरवली. पेटी बघून भाऊ उठून उभे राहिले. सुतळीचे वेढे त्यांच्यासारखेच, खिळे त्यांच्यासारखेच. पण झाकणातून पपईच्या पानाचा एक पोकळ देठ बाहेर आला होता, वीतभर लांब, आणि त्याच्या तोंडातून पांढरा धूर हळूहळू निघत होता. देठाभोवतीची बाकी सगळी जागा मातीनं गुळगुळीत लिंपलेली होती.

"कुणी भरली?" भाऊंनी विचारलं.

"बेबाआक्कानी," वना म्हणाला. "तुमना मांगे गावात दुसरं कोन भरी? आक्का बोलनी, फट ठेवी तर यास्ना हात माटीकडे जाई. म्हनीसन देठ."

डॉक्टर हसले. भाऊही हसले असते, पण त्यांचं लक्ष पेटीत होतं. झाकण काढलं. शिश्या कापसात शाबूत होत्या, वरचा बर्फ निम्म्याहून जास्त शिल्लक होता. डॉक्टरांनी शिशी गालाला लावली, मग भाऊंच्या गालाला लावली. इतकी गार, की त्यांना दचकायला झालं.

गोठ्यात पाखऱ्याची शिंगं जीवरामनं धरली आणि हरण्याची भाऊंनी. सुई गेली तसा हरण्यानं मान झटकली आणि भाऊंच्या पायावर पाय दिला. बोटं चेमटली. भाऊंनी शिंगं सोडली नाहीत. पुष्पा दाराशी उभी होती. डॉक्टरांनी दोन्ही बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं. आता आठवडाभर जपा, मग खुशाल जुंपा."

सगळे बाहेर गेले. भाऊ गोठ्यातच दावणीला टेकून बसले, चेमटलेला पाय पुढं करून. एवढ्या दिवसांचा शीण आत्ता अंगावर आला होता. पुष्पा आत आली. तिच्या हातात ताट नव्हतं. ती त्यांच्या पायाशी बसली, अंगठा हातात घेऊन बघितला आणि पदराचं टोक ओलं करून त्यावर गुंडाळलं.

"आबा," ती म्हणाली, "आज घरात चला जेवाले. मी वाढते."

उखर्डूभाऊंना उठता येईना. ते लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही.